झिरो एरर, झिरो वॉर्निंग

मायक्रोकंट्रोलरचा सिम्युलेटर बनवणारा माणूस मायक्रोकंट्रोलर कोळून प्यालेला असतो आणि वापरणाऱ्याला त्यातलं ओ की ठो कळत नसतं. या दोघांची जिथे गाठ पडते, त्या जागेला यूजर इंटरफेस म्हणतात. गाठ पडते म्हणजे एवढंच, की एकाने डझनभर खिडक्या उघडून ठेवलेल्या असतात आणि दुसरा त्यातली कुठली बंद केली तर चालेल हे शोधत असतो. पॉलिटेक्निकच्या लॅबमध्ये हा सोहळा दर आठवड्याला, बॅचवार, दोन-दोन तास चालतो. देखरेखीला मी असतो.

ज्यांनी वेळीच शहाणपण दाखवून इंजिनिअरिंग केलं नाही, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. वॉशिंग मशीन, लिफ्ट, रिक्षाचं मीटर, टीव्हीचा रिमोट, या सगळ्यांच्या पोटात एक छोटी चिप बसून हुकूम सोडत असते. तो मायक्रोकंट्रोलर. आम्ही शिकवतो त्याचं नाव ८०५१. इंटेलने तो १९८० साली काढला. त्या वर्षी जन्मलेली बाळं आता पालकसभेला येऊन 'मुलगा अभ्यास करत नाही' अशी तक्रार करतात, आणि चिप अजून अभ्यासक्रमातच आहे. तिच्यात चार किलोबाइट रॉम, १२८ बाइट रॅम, दोन टायमर आणि इनपुट-आउटपुटच्या बत्तीस पिना. १२८ बाइटांत मामेसासऱ्यांकडून रोज सकाळी मोबाइलवर येणाऱ्या गुलाबाची पाकळीसुद्धा मावणार नाही. पण दिवा लावणं, मोटार फिरवणं, टाकी भरली की बोंब मारणं, एवढा संसार त्यात सुखाने होतो.

सिम्युलेटर म्हणजे ही चिप न आणताच ती आणल्याचं समाधान देणारं सॉफ्टवेअर. प्रोग्रॅम लिहायचा, रन करायचा, आणि चिपच्या आत काय घडलं असतं ते पडद्यावर बघायचं. काही जळत नाही, धूर निघत नाही आणि मुख्य म्हणजे डेड स्टॉक रजिस्टरला नोंद करावी लागत नाही. जिची नोंद नाही ती वस्तू हरवत नाही, आणि जी हरवत नाही तिचा ऑडिटर हिशोब मागत नाही. त्यामुळे सिम्युलेटर शिक्षणतज्ज्ञांच्या आधी कॉलेजच्या ऑफिसला आवडला.

त्याच्या आधी किट होतं. ८०८५ या प्रोसेसरचं किट लाकडी पेटीत यायचं. त्याचा सगळा यूजर इंटरफेस म्हणजे सहा लाल आकडे, चार पत्त्याचे आणि दोन मजकुराचे, आणि पुढ्यात कळा. सेव्हन सेगमेंटवर सहाचा आकडा आणि 'बी' हे अक्षर यांच्यात फरक फक्त डोक्यावरच्या एका आडव्या रेघेचा. ती रेघ गेली की दोघं एकच. कोणत्या किटची रेघ गेली आहे हे लॅब असिस्टंट काकांना पाठ असे. 'सात नंबरवर बसलात तर बी दिसला की आधी वहीत बघा,' असं ते बॅच आत येतानाच सांगत. काका रिटायर झाले आणि किटचं यूजर मॅन्युअल त्यांच्याबरोबर पेन्शनीत गेलं. त्या इंटरफेसचा गुण एकच होता. तो काही लपवत नसे, कारण लपवायला त्याच्याकडे जागाच नव्हती.

मग पीसी आले आणि पीसीवर कील यूव्हिजन आलं. १९८२ साली जर्मनीत निघालेली ही कंपनी २००५ मध्ये एआरएमने विकत घेतली. मालक बदलले, पण इलेक्ट्रॉनिक्सच्या मुलांचं तिच्याशी असलेलं नातं बदललं नाही. ते भीतीचंच राहिलं.

नवा प्रोजेक्ट उघडला की चिप बनवणाऱ्या कंपन्यांची लांबलचक यादी येते. मुलगा त्यात ॲटमेल शोधतो, ॲटमेलमध्ये ८९सी५१, म्हणजे ८०५१ चाच ॲटमेली अवतार, शोधतो, सापडल्याच्या आनंदात ओके दाबतो, तोच चौकट उगवते: 'स्टार्टअप डॉट ए५१' ही फाइल प्रोजेक्टमध्ये घालू का? यस की नो? अठरा वर्षांच्या मुलाला आयुष्यात इतक्या अगम्य बाबतीत इतक्या आदराने कुणी मत विचारलेलं नसतं. घरी बाईक घ्यायची तरी त्याला रंगसुद्धा विचारत नाहीत.

ही फाइल सी भाषेतला प्रोग्रॅम सुरू होण्याआधी रॅम पुसून घेते आणि स्टॅक पॉइंटर जागेवर बसवते. असेम्ब्लीत लिहिणाऱ्याने ती घ्यायची नसते. एवढी दोन वाक्यं त्याच चौकटीत लिहिता आली असती. लिहिलेली नाहीत, म्हणून आमच्या लॅब मॅन्युअलमध्ये 'नो वर क्लिक करा' असं छापलेलं आहे आणि पिढ्यानपिढ्या नो वर क्लिक होतं. जर्नलमध्ये 'प्रोसीजर'खाली ही पायरी सुवाच्य अक्षरात उतरवलेली मी वाचतो आणि सही करतो. व्हायवात विचारलं, 'नो का?' तर उत्तर येतं, 'सर, यस केलं तर एरर येतो.' उत्तर बरोबर आहे. मार्क द्यावे लागतात.

पुढे क्रिस्टलची, म्हणजे चिपचा वेग ठरवणाऱ्या तुकड्याची, चौकट. ८९सी५१ निवडली की तिथे २४ मेगाहर्ट्झ हा आकडा आपणहून येऊन बसतो. आमच्या बोर्डावरचा क्रिस्टल ११.०५९२ चा. आकडा बदलायचा राहिला, की पडद्यावर एका सेकंदाचा डिले अर्ध्याहून कमी वेळात उरकतो आणि मुलं 'आमचा प्रोग्रॅम फास्ट आहे' म्हणून शेजारच्या बेंचला हिणवतात.

त्याहून गमतीची गोष्ट तिसऱ्या टॅबवर आहे. हा सगळा खटाटोप कशासाठी, तर हेक्स फाइल, म्हणजे चिपला कळणाऱ्या रूपातला प्रोग्रॅम, मिळावी आणि ती चिपमध्ये बर्न करता यावी. पण 'क्रिएट हेक्स फाइल' ही चौकट मुळात रिकामी असते. तुम्ही तिथे जाऊन टिक केली नाहीत, तर प्रोग्रॅम बिल्ड होतो, 'झिरो एरर, झिरो वॉर्निंग' अशी पावती मिळते आणि फाइल मात्र तयार होत नाही. मुलगा फोल्डर उघडतो, बंद करतो, पुन्हा उघडतो. मग सर्च करतो. मग शेजाऱ्याची हेक्स फाइल घेतो. ती बर्न करतो. चालते. प्रयोग पूर्ण.

त्या पावतीच्या वरच्याच ओळीत प्रोग्रॅमचा आकार लिहिलेला असतो. सीमध्ये चार ओळी लिहिल्या तरी 'डेटा' समोर ९.० असं काहीतरी येतं. बाइट दशांश चिन्हात कसे, हे कुणी विचारत नाही. त्यातले आठ बाइट रजिस्टरांचे, एक स्टॅकचा, आणि बिंदूनंतर येतात ते सुटे बिट. हे पडद्यावर कुठेही लिहिलेलं नाही. एकदा मागच्या बाकावर चाललेलं बोलणं कानावर आलं.

'तुझं किती आलं?'

'नऊ पॉइंट एक.'

'माझं नऊच आलं रे.' आणि तो पोरगा तास संपेपर्यंत उदास होता.

आता डिबग. भिंगाच्या चित्रात लाल 'डी', ते बटण दाबायचं. सुरू करायला तेच आणि बंद करायलाही तेच. फुकटची आवृत्ती असेल तर आधी एक चौकट येऊन सांगते की तुमच्या कोडला दोन किलोबाइटची मर्यादा आहे. चिपची जागा चार किलोबाइट, परवानगी दोनची. आमचा प्रयोग दोनशे बाइटांत आटपतो, त्यामुळे या अन्यायाविरुद्ध अजून मोर्चा निघालेला नाही.

डिबग सुरू झालं की डावीकडे रजिस्टरांची खिडकी येते. आर झिरो ते आर सेव्हन, ए, बी, स्टॅक पॉइंटर, डीपीटीआर, प्रोग्रॅम काउंटर, किती स्टेट्स झाल्या, किती सेकंद झाले, शेवटी पीएसडब्ल्यू आणि त्याची पिल्लं. हा शुद्ध सात-बारा आहे. सगळं त्यात आहे, जे आहे ते खरं आहे, आणि तलाठ्याशिवाय कुणालाही वाचता येत नाही. लॅबमध्ये तलाठी मी.

दिवा लावायचा प्रयोग असतो, पण दिवा कुठेच नसतो. त्यासाठी पेरिफेरल्सच्या मेन्यूत जाऊन 'पोर्ट वन' उघडायचा. आठ छोट्या चौकटींची एक रांग येते, तिच्याखाली आणखी एक रांग येते आणि सगळ्या चौकटींत टिका असतात. रीसेटनंतर ८०५१ च्या चारही पोर्टांत सगळे बिट एक असतात, म्हणून या टिका. पण बघणाऱ्याला काय दिसतं?

'सर, आलं आउटपुट!'

'अरे, तू अजून रन कुठे केलंयस?'

'न करताच आलं, सर.'

मग तो रन करतो. पहिली टिक जाते. तो घाबरून माझ्याकडे बघतो. कारण टिक म्हणजे 'झालं' आणि टिक गेली म्हणजे 'बिघडलं', हे त्याच्या हाडीमासी पहिलीच्या पाटीपासून भिनलेलं. आणि ८०५१ ची पीन दिव्याला वीज पुरवण्यात कंजूष, पण दिव्याकडून आलेली वीज जमिनीत सोडायला मात्र तयार. म्हणून बहुतेक बोर्डांवर एलईडी उलटा जोडतात: पीन शून्य झाली की दिवा लागतो. म्हणजे पडद्यावरची टिक गेली की दिवा पेटला, टिक आली की विझला. हे समजावून सांगितल्यावर रोल नंबर तेवीसने अतिशय शांतपणे विचारलं, 'मग सर, त्यांनी तिथे दिवाच का नाही काढला?' या प्रश्नाला तांत्रिक उत्तर आहे: चौकट बिटची किंमत दाखवते, तुम्ही त्या पिनेला काय जोडलंय हे तिला ठाऊक नसतं. पण रोल नंबर तेवीसचं म्हणणं माझ्या उत्तरापेक्षा बरोबर आहे, हे मला ते देतानाच कळत होतं.

याच खिडक्यांची आणखी एक लीला. व्ह्यू मेन्यूत 'पीरिऑडिक विंडो अपडेट' नावाची ओळ आहे. तिच्यावर टिक नसेल, तर प्रोग्रॅम आत धावत असतो आणि खिडक्या ढिम्म. थांबवलं की एकदम ताजे आकडे. मुलं त्याला 'हँग झालं' म्हणतात आणि पीसीच रीस्टार्ट करतात. आमच्या लॅबमधला पीसी चालू व्हायला जेवढा वेळ घेतो, तेवढ्यात चहा होतो. त्यामुळे हा दोष आहे असं विद्यार्थ्यांचं मत नाही.

आणि मग एफ इलेव्हन. एफ फाइव्ह दाबलं की प्रोग्रॅम सुसाट धावतो आणि काही दिसत नाही. एफ इलेव्हन दाबलं की एकेक सूचना पुढे सरकते आणि सगळं दिसतं. दिसतंय म्हटल्यावर मुलं एफ इलेव्हन सोडत नाहीत. दिवा अर्धा सेकंद लागलेला ठेवायचा तर चिप मधल्या वेळात नुसती मोजत बसते. बारा मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलवर ८०५१ चं एक मशीन सायकल एका मायक्रोसेकंदाचं आणि मोजणीची सूचना दोन सायकलची. म्हणजे अर्ध्या सेकंदात अडीच लाख सूचना. एफ इलेव्हन दाबून धरलं आणि सेकंदाला दहा सूचना सरकल्या असं मानलं, तर दिवा विझायला जवळपास सात तास लागतील. हा हिशोब मी फळ्यावर मांडून दाखवला. शेवटच्या बाकावरची विद्यार्थिनी म्हणाली, 'सर, मग प्रॅक्टिकल आठच्या बॅचला ठेवा.' त्या लूपमधून एका फटक्यात बाहेर काढणारं बटण एफ इलेव्हनच्या शेजारीच आहे. त्यावर दोन महिरपी कंस आणि बाण असं चित्र आहे. पलीकडच्या बटणावरही दोन कंस आणि बाण. त्याच्या पलीकडच्यावरही. बाणाची दिशा तेवढी निराळी.

कीलच्या अगदी दुसऱ्या टोकाला प्रोटियस. इंग्लंडमधल्या यॉर्कशायरच्या लॅबसेंटर इलेक्ट्रॉनिक्सचं हे अपत्य. इथे चिपचं चित्र काढायचं, एलईडी काढायचा, तारा जोडायच्या, चिपवर डबल क्लिक करून तिला हेक्स फाइल भरवायची. डाव्या कोपऱ्यात खाली प्ले, स्टेप, पॉझ, स्टॉप अशी बटणं. टेपरेकॉर्डर न पाहिलेली पिढीसुद्धा पहिल्या फटक्यात प्ले दाबते, आणि दिवा लागतो. लाल. खराखुरा गोल. वर्गात आनंदाची लाट उसळते. रोल नंबर तेवीस माझ्याकडे 'बघा, यांनी काढला' अशा नजरेने बघतो.

प्रत्येक पिनेपाशी एक ठिपका असतो: एक असेल तर लाल, शून्य असेल तर निळा, पीन अधांतरी असेल तर करडा, आणि दोन ठिकाणांहून दोन वेगळे हुकूम येऊन भांडण लागलं असेल तर पिवळा. इतकी सोपी, इतकी शहाणी योजना मी दुसऱ्या कुठल्या सॉफ्टवेअरमध्ये पाहिलेली नाही. पण या योजनेचा कर्ता कॉलेजसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात कधी आलेला नसावा. जर्नलला लावायचे स्क्रीनशॉट तिथे ब्लॅक अँड व्हाइट निघतात. लालही करडा, निळाही करडा. त्यामुळे अख्ख्या बॅचच्या जर्नलमध्ये, सगळ्या प्रयोगांत, झाडून सगळ्या पिना अधांतरी आहेत आणि खाली निष्कर्ष लिहिलेला आहे: 'अशा प्रकारे अपेक्षित आउटपुट मिळालं.' कलर प्रिंट आणा म्हटलं की पालकांचा फोन येतो.

प्रोटियसची खरी गंमत मात्र न दिसणाऱ्या गोष्टींत आहे. ८०५१ ला चाळीस पिना. प्रोटियसच्या चित्रात अडतीस दिसतात. विसावी, म्हणजे ग्राउंड, आणि चाळिसावी, म्हणजे पाच व्होल्टचा सप्लाय, या दोन पिना चित्रात लपवलेल्या असतात आणि आतल्या आत परस्पर जोडलेल्या असतात. हेतू चांगला आहे. प्रत्येक चिपच्या सप्लायच्या तारा काढत बसलं तर सर्किटचा गुंता होतो. सरावलेल्या इंजिनिअरला सप्लाय लागतो हे सांगावं लागत नाही.

आमची मुलं सरावलेली नसतात. मायक्रो-प्रोजेक्टच्या वेळी ती पडद्यावरचं चित्र समोर ठेवून ब्रेडबोर्ड भरतात. तारांचे रंग जुळवलेले, एलईडीचे पाय नीट कापलेले, सगळं नेटकं. बटण दाबतात. शांतता. चिप बदलतात. शांतता. दुसऱ्या ग्रुपचा ब्रेडबोर्ड आणतात. मग मला बोलावणं येतं आणि पहिलं वाक्य ठरलेलं असतं: 'सर, सिम्युलेशनमध्ये चालतंय.' या वाक्यात दुःख कमी आणि आरोप जास्त असतो. मी चाळिसाव्या पिनेकडे बोट दाखवतो. तिथे तार नसते. विसावीलाही नसते. परीक्षेत एका ग्रुपला एक्स्टर्नल सरांनी नेमकं हेच विचारलं.

'बाळा, पीन नंबर चाळीस कशाची?'

'सर, आमच्या चिपला ती नव्हती.'

क्रिस्टलचंही तेच. प्रोटियसमध्ये अठरा आणि एकोणीस नंबरच्या पिनांमध्ये क्रिस्टल काढतात, दोन कपॅसिटर लावतात, चित्र भरलेलं दिसतं. पण तो क्रिस्टल शोभेचा. वेग ठरतो चिपच्या प्रॉपर्टीत लिहिलेल्या आकड्यावरून. क्रिस्टल पुसून टाका, दिवा लुकलुकत राहतो. एका हुशार मुलाला हे सापडलं आणि त्याने प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये 'कॉस्ट रिडक्शन' या मथळ्याखाली क्रिस्टल आणि दोन कपॅसिटर कमी केले. मांडणी सुरेख होती. तक्ताही होता.

एका बाबतीत प्रोटियसला दाद द्यावी लागते. पीसीला भार झेपेनासा झाला की तो खाली सांगतो, की सीपीयूवर ताण आल्यामुळे सिम्युलेशन खऱ्या वेळेनुसार चालत नाहीये. मी अनेक सॉफ्टवेअर वापरली, अनेक खात्यांशी पत्रव्यवहार केला. 'आमचा उशीर होतोय आणि त्याचं कारण आम्ही आहोत' असं आपणहून सांगणारं दुसरं कुणी भेटलं नाही.

तिसरी तऱ्हा ऑटोडेस्कच्या टिंकरकॅडची. ब्राउझरमध्येच उघडतं, पैसे पडत नाहीत, २०२० साली लॅबला कुलूप लागलं तेव्हा कित्येक मास्तरांची अब्रू यानेच राखली. इथे ८०५१ नाही, आर्डुइनो आहे; पण ब्रेडबोर्ड थेट ब्रेडबोर्डच दिसतो, भोकांसकट. आणि इथे एलईडी मरतो. रेझिस्टर न लावता जोडलात आणि करंट फार झाला, की एलईडीवर स्फोटाची चांदणी उमटते. माउस नेला तर करंट किती मिलीअँपिअर वाहतोय आणि सोसण्याची हद्द किती, हेही कळतं. चूक, जागा आणि कारण, तिन्ही एकाच ठिकाणी. शिक्षक म्हणून मला दुसरं काय हवं?

मला हवं ते मुलांना नको होतं. चांदणी उमटते हे कळल्यावर ऑनलाइन तासाला सगळ्यांनी आधी एलईडी फोडले. मग ओळीने आठ लावून फोडले. एकाने त्याचं स्क्रीन रेकॉर्डिंग करून दिवाळीचं स्टेटस ठेवलं. सिम्युलेशन थांबवून पुन्हा सुरू केलं की सगळे एलईडी ठणठणीत. पुढे कॉलेज उघडलं, तीच मुलं पुण्यातल्या तपकीर गल्लीतून पिशवीभर सामान घेऊन आली, आणि पहिला एलईडी विझल्यावर त्यांनी सप्लाय बंद करून पुन्हा चालू केला. बराच वेळ तेच करत होती.

एवढं सगळं बघितल्यावर माझं एक मत झालं आहे. सिम्युलेटर खोटं कधीच बोलत नाही. तो काही गोष्टी सांगत नाही, इतकंच. आणि कुठल्या गोष्टी सांगायच्या नाहीत, हे तो बनवणाऱ्याने त्याच्या स्वतःच्या ज्ञानावरून ठरवलेलं असतं. त्याला जे उघड वाटलं ते त्याने काढून टाकलं, आणि शिकणाऱ्याच्या जगातून तेवढी वस्तूच नाहीशी झाली.

सीरियल कम्युनिकेशनचा प्रयोग घ्या. ९६०० बॉडच्या वेगाने पीसीला अक्षरं पाठवायची. टायमरमध्ये एफडी हा आकडा भरला की ११.०५९२ च्या क्रिस्टलवर भागाकार बरोबर ९६०० येतो. तो विचित्र क्रिस्टल जगात आहेच त्यासाठी. बाराचा क्रिस्टल लावला तर तोच भागाकार दहा हजार चारशेच्या वर जातो, म्हणजे साडेआठ टक्के चूक, आणि खऱ्या तारेवर पलीकडे कचरा पोचतो. पण कीलची सीरियलची खिडकी वेग बघतच नाही. चिपने अक्षर सोडलं, तिने छापलं. पडद्यावर लख्ख 'हॅलो'. एका बोर्डावर चुकून बाराचा क्रिस्टल बसला होता; तिथे मात्र प्रश्नचिन्हं, चौकोन आणि कुठल्याही भाषेत नसलेली अक्षरं. मुलांनी निष्कर्ष काढला की केबल खराब आहे. केबल बदलली. मग पीसी खराब ठरला. मग बोर्ड. आम्ही त्या लॅबमधल्या प्रत्येक वस्तूवर अविश्वास दाखवला. बाराचा आकडा लिहिलेला तो इवलासा चकचकीत डबा मात्र शेवटपर्यंत संशयाच्या बाहेर होता, कारण पडद्यावर त्याला कामच नव्हतं.

म्हणून सिम्युलेटर बनवणाऱ्यांकडे माझी मागणी साधी आहे. रंग नकोत, थ्रीडी नको, डार्क मोड तर नकोच; लॅबमधल्या ट्यूबलाइट तशाही निम्म्या बंद असतात. एक पट्टी द्या. तिच्यावर लिहा, आम्ही काय काय गृहीत धरलं आहे: 'सप्लाय आम्हीच जोडला आहे. क्रिस्टल बघितलेला नाही. बॉड रेट तपासलेला नाही. तारा तुटत नाहीत असं मानलं आहे.' चार ओळी. रोल नंबर तेवीसलाही वाचता येतील, एक्स्टर्नल सरांनाही विचारता येतील.

आणि त्यांना जमत असेल तर पुढचा टप्पा म्हणून 'लॅब मोड' द्यावा. त्यात दहातली एक जंपर वायर आतून तुटलेली असावी आणि बाहेरून धडधाकट दिसावी. चिप सॉकेटमध्ये उलटी बसवता यावी आणि बसवल्यावर तिला हात लावला तर चटका बसण्याची सोय व्हावी. बोर्डाला जुना सीरियल पोर्ट असावा, पीसीला तो नसावा, आणि मधल्या कन्व्हर्टरने आज सकाळी वेगळाच कॉम पोर्ट नंबर घेतलेला असावा. हेक्स फाइल ज्या पेनड्राइव्हवर आहे तो दुसऱ्या बॅचच्या मुलाच्या खिशात असावा आणि तो मुलगा कँटीनमध्ये असावा. साडेतीनला लाइट जावी. मल्टिमीटर कपाटात असावा, कपाटाला कुलूप असावं, किल्ली ज्यांच्याकडे आहे ते इलेक्शन ड्यूटीवर असावेत. आणि सगळं जमून दिवा लुकलुकायला लागला, की एक्स्टर्नल सर पाठीमागे येऊन उभे राहताक्षणी तो बंद पडावा. ते पुढच्या टेबलाकडे वळताक्षणी पुन्हा सुरू व्हावा.

हा प्रस्ताव मी डिपार्टमेंटच्या मीटिंगमध्ये मांडला. एचओडी सर म्हणाले, 'कल्पना चांगली आहे, पण हे सगळं आपल्याकडे आधीच आहे ना? मग लायसन्सचे पैसे कशाला?' मुद्दा बिनतोड होता. मिनिट्समध्ये गेला.

वर्गात मात्र प्रतिसाद चांगला मिळाला. मुलं मन लावून ऐकत होती, हसत होती, आपापले अनुभव जोडत होती. आता इंटरफेसचं महत्त्व यांना पटलं, असं वाटेपर्यंत रोल नंबर तेवीसने हात वर केला.

'सर, त्या लॅब मोडमध्ये सगळे फॉल्ट एकदम बंद करायची एखादी टिक असेल ना?'

असणारच. तो सॉफ्टवेअरमध्ये नापास झालेला मी अजून पाहिलेला नाही. आणि त्या चौकटीत ती टिक कंपनीकडूनच करून आलेली असेल, हे सांगायला सिम्युलेटर लागत नाही.